हिरवं दार

शुक्रवारी सहाला ब्रेकच्या नळ्यांचे आकडे
एक्सेलमध्ये झाकून ठेवते
आणि शनिवारी सव्वाआठला
वायादोलिदच्या बसस्टँडवर, तोंडातून वाफा काढत,
पाटीवर जे नाव आधी दिसेल त्या गावाचं तिकीट काढते.
नियम एकच : रविवारी रात्री परत.
दुसरा नंतर झाला : मोजे दोन जोड.

सामोराला गेले तेव्हा सामोरा दिसलंच नाही.
दुएरो नदीवर धुकं असं ठाण मांडून
की पूल अर्ध्यातच संपायचा,
पलीकडून नुसती सायकलची घंटा यायची.
एका म्हाताऱ्याने हवेत हात फिरवून सांगितलं,
"इथे कॅथीड्रल आहे."
ठेवला विश्वास.
चेस्टनट भाजणारी बाई तेवढी खरी होती,
तिची कागदाची पुडी खरी,
बोटं पोळली तेही.

सोरियाला दुपारी दोनला पोचले, ती चूक.
दोन ते पाच गाव पापण्या मिटून पडलेलं,
कुत्रीसुद्धा आत.
चौकात मी आणि कुणा राणीचा पुतळा,
दोघी उन्हाच्या एकाच पट्ट्यात.
पट्टा सरकला तशी मी सरकत गेले.
तिला जमलं नाही.

आई फोनवर म्हणाली,
"सगळ्या फोटोंत भिंतीच कशा गं?
माणसं राहत नाहीत का तिथे?"

मग जानेवारीतल्या एका शनिवारी
ते गाव, ज्याचं नाव पाटीवरही नीट मावत नव्हतं.
एक रस्ता, बंद शाळा, चर्चला कुलूप,
कुलपावर चिठ्ठी :
चावी बेनिल्देकडे. हिरवं दार.

बेनिल्दे सपाता फटफटवत आली, अंगात जाड गाऊन,
हातात वीतभर चावी.
मला खालपासून वर न्याहाळलं आणि विचारलं,
"तू कुणाची?"

वाटलं, माझं स्पॅनिश चुकतंय.
देश विचारतात, कंपनी विचारतात,
फाटकावरचा पहारेकरी चार महिने कार्डाचा नंबर विचारतो.
हे कुणी विचारलं नव्हतं.
म्हणाले, "त्र्यंबक घड्याळवाल्याची."
तिने आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं.
"मग मी नसेन ओळखत. तरी आत ये, गारठा आहे."

टेबलावरून जमिनीपर्यंत लोळणारं जाड कापड,
खाली शेगडी.
त्यात पाय खुपसले आणि पोटऱ्यांना कळलं
की आपण नोव्हेंबरपासून गोठलो आहोत.
"धर," म्हणत चावी माझ्या हातात देऊन ती सूप करायला गेली :
लसूण, शिळा पाव, धुरावलेलं लाल तिखट, वरून अंडं.
आमच्याकडे याच्या चुलतभावाला कुस्करा म्हणतात,
हे मला स्पॅनिशमध्ये सांगता येईना;
मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

खिडकीतून मनोऱ्यावरचं करकोच्यांचं घरटं दिसत होतं.
"पूर्वी थंडीत आफ्रिकेला जायचे,
फेब्रुवारीत परत यायचे," ती म्हणाली.
"आता जातच नाहीत. उकिरड्यावर भागतं त्यांचं.
जातात ती माणसं."
थोरली बिल्बाओला. मधला माद्रिदला.
धाकटा फिदेंसियो हानोव्हरला, गिअरच्या कारखान्यात.
"तोही शनिवारी असाच भटकत असेल का गं?"
मी म्हटलं, असेल.
"त्याला विचारत असेल का कुणी, तू कुणाचा?"

मी पावाचा तुकडा वाडग्यात फिरवत राहिले.
वाडगं केव्हाच पुसून झालं होतं.

बसचा हॉर्न वाजला.
चर्च पाहायचं राहिलं ते राहिलंच,
पळत सुटले, ती दारातून काहीतरी ओरडत होती,
मला वाटलं, निरोप.

दहा-बारा मैलांनंतर
कोटाच्या खिशात काहीतरी बरगडीला टोचू लागलं.
वीतभर.

एउतिमियो ड्रायव्हर आरशातून बघून हसला.
"मंगळवारी जातो मी त्या बाजूला. द्या, पोचवतो."

नको, म्हटलं.